शाळाबाह्य आचल

पोट दुखतंय असं आचल पहिल्यांदा म्हणाली तेव्हा आम्ही तिला ओवा दिला. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा बेंबीला हिंग लावला. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की हे पोट बरोबर पावणेदहाला दुखायला लागतं, शाळेची घंटा होऊन गेली की अकराच्या आत थांबतं, आणि रविवारी त्याला साप्ताहिक सुट्टी असते. इतकं वक्तशीर दुखणं आमच्या घराण्यात कुणालाच नव्हतं. मी सरकारी नोकर आहे, पण ऑफिसला निघताना मलासुद्धा इतकं नेमानं दुखत नाही.

आचल आमची एकुलती एक मुलगी. वय सात, इयत्ता दुसरी. वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेतल्या आमच्या लेआउटपासून, म्हणजे घरांच्या वसाहतीपासून, शाळा पायी दहा मिनिटांवर आहे. शाळेचं नाव मी सांगणार नाही आणि माझ्या ऑफिसचंही सांगणार नाही, कारण आमच्याकडे नाव घेतलं की खुलासा द्यावा लागतो. मी पशुसंवर्धन विभागात वरिष्ठ सहायक आहे, एवढं पुरे. गाईम्हशींच्या कानात जो पिवळा बिल्ला दिसतो त्यावर बारा आकडे असतात. ते बारा आकडे रजिस्टरला नीट उतरले की नाही हे पाहायला मला जिल्हाभर पिटाळतात. आज देवळी, उद्या जाम, परवा साहेबांच्या मनात येईल तिथे. हे काम ऐकायला साधं वाटतं. गाय मान हलवत असताना बारावा आकडा वाचून पाहा, म्हणजे कळेल.

तर मी आचलला समोर बसवलं आणि विचारलं, "शाळेत कोनी मारते का?"

"नाई."

"मॅडम रागावते?"

"नाई."

"मंग जायले काऊन नाई पायत?"

"तिथं सारं येतेच मले," ती म्हणाली. यात मिरवणं काही नव्हतं. वरण आंबलं असं सांगावं तसं तिनं ते सांगितलं आणि नखं कुरतडत बसली.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. छाया मॅडम तिच्या वर्गशिक्षिका आणि त्याच प्रभारी मुख्याध्यापिका. त्या म्हणाल्या, "सर, हिनं वर्षाची पुस्तकं पोळ्याच्या आधीच संपवली. मी प्रश्न अर्धा विचारत नाई, तं हिचं उत्तर तयार. बाकीची पोरं हात वर करनंच सोडून बसली. मीच तिले म्हटलं, बाई, थोडी चूप राहत जाय."

आचल आज्ञाधारक आहे. ती शाळेत चूप राहायला लागली आणि तिथली सवय घरीही घेऊन आली. आधी जेवताना तिचे इतके प्रश्न असायचे की मी खोटा ठसका काढून पाणी प्यायला उठायचो. आता ती मान खाली घालून जेवायची आणि ताट ठेवून निघून जायची. खरं सांगतो, मला भीती वाटली. मूल आपल्यापेक्षा हुशार निघालं तर आपली शोभा होईल ही काळजी मला होतीच. पण हे मूल विचारायचंच थांबलं तर, हा विचार मला सोसेना. काजल, म्हणजे माझी बायको, त्या दिवशी एवढंच म्हणाली, "काई तरी करा." आमच्या घरात हा शासन निर्णय समजला जातो.

शेजारी बबनराव काका राहतात. देवळीकडे त्यांचं शेत आहे, मुलगा पुण्याला आहे, आणि गेली आठ वर्षं ते रोज सकाळी आमच्याकडे पेपर वाचायला येतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नीलेश, पोरगी हुशार असनं काई गुन्हा नाई. पन बोभाटा नोको करू. नजर लागते." एवढा सल्ला देऊन ते बाहेर पडले आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या लेआउटमध्ये बोभाटा झाला. मग जो तो गेटपाशी थांबून सल्ला द्यायला लागला. कुणी बदाम सांगितले, कुणी ब्राह्मी. डोक्यावर ताण येतो म्हणून कराटे लावा असं एकानं सांगितलं. एक गृहस्थ तर अगदी जवळ येऊन म्हणाले, की त्यांचा भाचाही असाच हुशार होता, आता बंगळूरला आहे आणि फोन उचलत नाही. यात सल्ला कोणता होता ते मला अजून कळलेलं नाही.

आम्ही आधी तिला वर्ध्याच्या एका अबॅकसच्या क्लासला घातलं. अबॅकस म्हणजे तारेत ओवलेले मणी हलवून बेरजा करायच्या. चौथ्या दिवशी तिथले सर मला जिन्यात गाठून म्हणाले, "तुमची मुलगी मणी न हलवताच उत्तर सांगून राह्यली. बाकीचे पालक मले विचारतात, मंग मणी कायले पायजे." त्यांच्या डोळ्यांत इतकी विनवणी होती की मी तिची पिशवी घेतली आणि मुकाट्यानं जिना उतरलो.

मग बुद्धिबळ. ते शिकवायची जबाबदारी बबनराव काकांनी आपण होऊन घेतली. पहिल्या दिवशी ते जिंकले आणि आचलच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाले, हळूहळू येईन तुले. दुसऱ्या दिवशी ते हरले. तिसऱ्या दिवशी नऊ चालींत हरले आणि चष्म्याचा नंबर बदलला असावा असं म्हणून उठले. चौथ्या दिवसापासून ते पेपर वाचायला यायचे बंद झाले. त्यांनी स्वतःच्या घरी पेपर लावल्याचं आम्हाला पेपरवाल्याकडून समजलं. मुलीच्या बुद्धीपायी आमचा आठ वर्षांचा शेजार गेला.

काजलनं विचारलं, तिला सरळ तिसरीत का नाही बसवत? मी पुन्हा छाया मॅडमकडे गेलो. त्यांनी संगणक उघडला, आचलच्या नावापुढे तिसरी लिहिलं, आणि पडद्यावर लाल अक्षरं आली. जन्मतारखेवरून जी इयत्ता निघते तीच घेणार, असं त्याचं म्हणणं होतं.

"मॅडम, आम्ही गाईचं वय दातावरून ठरवतो," मी म्हणालो. "त्यात वर्षभर इकडंतिकडं चालते."

"गाईचं चालते, सर. पोरीचं नाई चालत."

मग मॅडमनी दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात तोडगा सांगितला. दुपारच्या सुट्टीनंतर आचलनं शाळेसमोरच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसायचं आणि शाळा सुटायच्या वेळी परत यायचं. वाचनालय शाळेच्या फाटकातून दिसतं, मॅडमचं लक्ष राहील. "फक्त लेखी मागू नोका, सर," त्या म्हणाल्या. मी लेखी मागितलं नाही. वीस वर्षांच्या नोकरीत एवढी एकच गोष्ट मी लेखी न घेता केली आणि तिचंच पुढे एवढं झालं.

पण महिनाभर सगळं छान चाललं. पोट दुखायचं थांबलं. वाचनालयात मुलांची पुस्तकं एका फडताळापुरतीच होती, ती आठवड्यात संपली. मग आचल हाताला येईल ते वाचायला लागली. त्यात कृषी विभागाच्या पुस्तिकांचा मोठा गठ्ठा होता. त्यामुळे आम्हाला रोज जेवताना कपाशीवरची गुलाबी बोंडअळी अंडी कुठे घालते, कोष कसा करते, हे सगळं ऐकावं लागायचं. घास घशाखाली उतरत नसे, पण मन भरून यायचं.

दिवाळी झाली, कापूस वेचणी सुरू झाली आणि शिक्षण विभागाची शाळाबाह्य मुलं शोधायची मोहीम निघाली. वेचणीसाठी बाहेरून मजूर येतात, त्यांची मुलं शेतांवर राहतात, ती शोधून शाळेत आणायची, असं हे चांगलं काम आहे. त्यासाठी मुकेश सर नावाचे तरुण शिक्षक नव्यानंच आले होते. त्यांना एका दुपारी वाचनालयाच्या पायरीवर एक मुलगी दिसली. फ्रॉकला माती, ओच्यात बोरं, आणि मांडीवर बोंडअळीची पुस्तिका.

पुढचं संभाषण मला नंतर मुकेश सरांनीच सांगितलं.

"नाव काय बेटा?"

"आचल."

"शाळेत काऊन नाई गेली?"

"मॅडमनं सांगतलं, तू इथंच बसत जाय."

"काऊन बरं?"

"मी असली का दुसऱ्या पोराईले त्रास होते."

इथे मुकेश सरांचे डोळे भरून आले होते म्हणे. त्यांनी मोबाइल काढला आणि माहिती भरायला घेतली.

"वडील काय करतात?"

"गाईम्हशीच्या मांगं असते. काल देवळीले होते, आज जामले गेले. उद्याचं मालूम नाई."

"अन आई?"

"आई लोकाईचं रक्त काढते."

काजल रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. मुकेश सरांनी थोडा विचार केला आणि आईच्या व्यवसायात 'इतर' असं भरलं. आमच्या मुलीनं एक शब्दही खोटा सांगितला नव्हता. तिची ती सवयच आहे आणि ती आमच्या दोघांपैकी कुणाकडून आली ते कळत नाही.

चार दिवसांनी शिक्षण विभागाचा प्रफुल्ल माझ्या टेबलापाशी आला. आमचे विभाग समोरासमोर आहेत, मध्ये एक व्हरांडा. त्याच्या हातात छापील यादी होती.

"नीलेशभाऊ, चहा सांगा."

"काऊन?"

"तुमी सापडले." त्यानं यादी पुढे केली. त्यात दोन नावं होती. दुसरं नाव आमच्या मुलीचं. आचल नीलेश, वय सात, शाळाबाह्य. पालकाचा व्यवसाय या रकान्यात 'फिरता गुराखी' असं लिहिलेलं होतं.

मी ते तीनदा वाचलं. मी पदवीधर आहे. टायपिंगच्या दोन्ही परीक्षा मी पहिल्या प्रयत्नात पास झालो आहे. आमच्या घरात सोफा आहे. पण हे सगळं त्या रकान्यात कुठे लिहायचं?

"प्रफुल्ल, हे नाव काढ," मी म्हणालो.

"काढाची सोय नाई, भाऊ. एकदा मूल शाळाबाह्य सापडलं का त्याले शाळेत आनल्याशिवाय नाव जात नाई."

"अरे, पण ते शाळेतच आहे."

"तसं लिवतो मी. मंग साहेब इचारतीन, शाळेत हाये तं दुपारी दोन वाजता वाचनालयाच्या पायरीवर काऊन सापडली. छाया मॅडमले खुलासा मांगतीन. चालते का?"

ते चालणार नव्हतं. मॅडमनी आमच्यासाठी धोका पत्करला होता. मी चहा सांगितला. चहा पिता पिता प्रफुल्लनं उरलेली बातमी दिली. सहा वर्षं आमच्याकडून शाळाबाह्य मुलांचा अहवाल 'निरंक' जात होता, म्हणजे एकही मूल नाही, आणि जिल्ह्यावरून दरवर्षी विचारणा व्हायची की हे शक्य तरी आहे का. यंदा दोन सापडल्यामुळे साहेब भलतेच खूष होते. दोन्ही मुलींचा जाहीर प्रवेशोत्सव करायचं ठरलं होतं. लेझीम, गुलाबाचं फूल, नवीन दप्तर, आणि शाळेपर्यंत बैलबंडीतून मिरवणूक. दाखल असून गैरहजर, असाही एक रकाना सापडल्यामुळे आचलला ती रोज जाते त्याच शाळेत पुन्हा प्रवेश देण्यात कसलीच अडचण नव्हती.

घरी सांगताना मला वाटलं काजल चिडेल. ती आधी ओट्याला टेकून हसली, मग खाली बसून हसली. डोळे पुसून म्हणाली, "होऊ द्या न. तिले बंडीत बसाले भेटून राह्यलं."

दोन दिवसांनी शिक्षण विभागाचं एक पत्र व्हरांडा ओलांडून माझ्या टेबलावर आलं. विषय: प्रवेशोत्सवाकरिता सुदृढ बैलजोडी उपलब्ध करून देणेबाबत. पत्र पशुसंवर्धनला होतं, बैलांचं टेबल माझं होतं. स्वतःच्या मुलीला तिच्याच शाळेत मिरवत नेण्यासाठी बैल शोधायची टिपणी मी स्वहस्ते लिहिली आणि खाली 'मान्यतेस्तव सादर' करून सही ठोकली. नोकरी माणसाला काय काय करायला लावते.

आता लेआउटच्या आसपास बैलजोडी म्हणाल तर एकच, बबनराव काकांची. सगळ्यांचा कापूस टेम्पोतून जातो, पण काका अजून बंडीनंच नेतात. मी दार वाजवलं. काका घरचा पेपर वाचत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, घातला आणि म्हणाले, "बैल देतो. बंडी मीच हाकीन. अन बुद्धिबळाचा इषय कोनी काढाचा नाई." अटी रास्त होत्या.

प्रवेशोत्सवाच्या दिवशी प्रफुल्लचा सकाळीच फोन आला, की पालकानं साधे कपडे घालावेत, फोटो आहे. मी काजलला एखादा साधा शर्ट काढायला सांगितलं. तिनं कपाट उघडलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "सारेच साधे हायेत." मला हे लागलं, पण वेळ नव्हता.

भुऱ्या आणि चांद्या या बैलांना झुली घातल्या होत्या. पुढे लेझीमची मुलं, मागे मी आणि मुकेश सर. बंडीत छाया मॅडम, गळ्यात हार घातलेली आचल, आणि यादीतल्या पहिल्या नावाची मुलगी, रक्षा. तिच्याबरोबर तिची आजी रामबाई. कारंज्याकडच्या जंगलाजवळचं त्यांचं गोंडांचं गाव. वेचणीसाठी आजी इथल्या एका शेतावर आली होती आणि आठ वर्षांच्या नातीला बरोबर घेऊन आली होती. रक्षाला मराठी समजायचं, पण परक्यांसमोर ती तोंड उघडत नव्हती. आमची आचलही तोंड मिटून होती. सात वर्षांच्या मुलीलाही कळतं की आपलं काहीतरी भलतंच चाललंय. तिचं पोट सकाळी पुन्हा दुखलं होतं. हार घालून बसलेल्या त्या दोघी एकमेकींकडेसुद्धा पाहत नव्हत्या. मला वाटलं, आपण हिच्यासाठी काहीतरी करायला निघालो आणि करून काय ठेवलं.

चौकात शाळेला उजवीकडे वळायचं असतं. लेझीम उजवीकडे वळली. भुऱ्या आणि चांद्या डावीकडे वळले. गेली सात वर्षं वेचणीच्या दिवसांत बंडीला जुंपलं की त्या चौकातून डावीकडे कापसाच्या जिनिंगलाच जायचं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. काकांनी कासरा ओढला, हाका मारल्या, शेपट्या पिळल्या. बैलांनी मान हलवली नाही. आपल्या धन्याला आज काहीतरी झालंय, पण काम तर झालं पाहिजे, अशा विचारानं ते चालत राहिले. लेझीमवाल्यांनी बराच वेळ मागं पाहिलंच नाही.

जिनिंगची गल्ली अरुंद. आमची बंडी कापसाच्या रांगेत जाऊन शिस्तीत उभी राहिली. मागे लगेच एक टेम्पो लागला, त्याच्या मागे ट्रॅक्टर. फाटकावरचा माणूस कागद घेऊन आला.

"क्विंटल किती?"

"पोरी हायेत ह्या," छाया मॅडम म्हणाल्या. "शाळेत चालल्या."

"मंग कापूस कुठं हाये?"

त्यानं आम्हाला चिठ्ठी दिली आणि सांगितलं की मागे सरकायला जागा नाही, वजनकाट्यावरून पलीकडच्या फाटकानंच बाहेर पडता येईल. आमच्यापुढे अठ्ठावीस गाड्या होत्या. छाया मॅडमच्या मोबाइलवर शिक्षण विभागाच्या साहेबांचा फोन आला, मॅडमनी तो माझ्याच हातात दिला तेव्हा मी म्हणालो, "साहेब, रांगेत आहोत." ते म्हणाले, "कसल्या?" मी रेंज गेल्यासारखं केलं.

अर्ध्या तासानं रामबाईनं तंबाखू काढली. ऊन चढत होतं. रक्षा बंडीच्या धुऱ्याकडे सरकली, मान उंच करून पुढच्या गाड्यांकडे बोट करत स्वतःशीच काहीतरी पुटपुटायला लागली. मुंड. नालुंग. सैयुंग.

आचलनं मान वळवली. "काय होय हे?"

रक्षानं बोट मागे घेतलं. रामबाईच म्हणाली, "मोजून राह्यली ते. आमच्या बोलीत. गोंडी."

"माह्यासारखंच मोजते, पन मले काऊन नाई समजलं?" आचल म्हणाली आणि हार काढून बाजूला ठेवला. "पहिल्यापासून सांग."

रक्षानं आजीकडे पाहिलं. आजीनं मान हलवली. रक्षानं एक ते दहा म्हटलं. आचलनं म्हटलं, तर पाचच्या जागी सात आणि पाच कुठेच नाही. रक्षा हसली. पहिल्यांदाच तिचा आवाज नीट ऐकू आला. आचलनं पुन्हा म्हटलं, पुन्हा चुकलं. तिसऱ्यांदा आठावर अडकली. तेव्हा तिच्या तोंडावर जे आलं ते मी चार महिन्यांत पाहिलं नव्हतं. ती ओठ चावत होती, बोटं मोजत होती, आणि डोळे असे झाले होते की आता काकांची दहा बुद्धिबळं समोर मांडली असती तरी तिला दिसली नसती.

पाचव्या खेपेला दहापर्यंत जमलं. "आता अकरा," ती म्हणाली. अकरापासून पुन्हा सगळं चुकायला लागलं. "आजी, परत सांग न."

"हळू शिक वो माय," रामबाई म्हणाली. "लाइन तं हालून नाई राह्यली."

मग गाड्या झाल्या, बैल झाले, शिंगं झाली, कापूस झाला. पुढचा गाडीवान उतरून ऐकायला आला. त्यालाही गोंडी येत होती, तो रक्षाला मध्येच दुरुस्त करायला लागला आणि रामबाईनं त्याला दटावून परत पाठवलं. आमचा नंबर आला तेव्हा आचल म्हणाली, "इतक्या लवकर?" काट्यावरच्या माणसानं सवयीनं वजन घेतलं आणि दोन मुली, एक आजी आणि एका मुख्याध्यापिकेची पावती फाडून दिली. मॅडमनी ती चारदा घडी घालून पर्समध्ये ठेवली.

शाळेत पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. गुलाबं सुकली होती. साहेबांचं भाषण वेळ घालवण्यासाठी एकदा होऊन गेलं होतं, ते त्यांनी पुन्हा केलं. मग मला बाजूला घेऊन त्यांनी दहा मिनिटं शिक्षणाचं महत्त्व सांगितलं. "गुरं काय, जन्मभर आहेतच हो. पण मुलीला आता नियमित पाठवा." हे साहेब रोज व्हरांड्यात माझ्या समोरून जातात. मी मान डोलावली. दोष शर्टाचा होता असं मी ठरवलं.

निघताना रामबाईनं त्यांना विचारलं, "साहेब, शाळा शिकून पोरगी घरचं बोलनं इसरन का?" साहेबांनी भाषणाचा कागद उलटून पाहिला. ते छाया मॅडमकडे पाहायला लागले. आचल मध्येच म्हणाली, "मी शिकून राह्यली न आता. ते इसरली तं मी सांगीन." रामबाईनं पदराची गाठ सोडली आणि तिच्या ओंजळीत गूळ ठेवला.

शाळाबाह्य मुलांना तीन महिने विशेष प्रशिक्षण असतं. मुकेश सर, एक खोली आणि नियम असा, की मूल जिथे असेल तिथून पुढे शिकवायचं. अख्ख्या खात्यात जन्मतारखेशी संबंध नसलेला एवढा एकच नियम असावा. पहिल्याच दिवशी मुकेश सरांना आचल कोण आहे ते कळलं. संध्याकाळी ते आमच्या सोफ्यावर बसून हात जोडून म्हणाले, "चूक झाली, सर. मीच चुकीचं भरलं असं लेखी देतो, नाव काढायला सांगतो." मी हो म्हणणारच होतो. माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात आचल आतून आली आणि म्हणाली, "सर, उद्या किती वाजता येऊ?" मी मुकेश सरांना पोहे घ्यायला सांगितलं.

तेव्हापासून त्या खोलीत काय चालतं ते मी पूर्ण सांगू शकत नाही. रक्षा मराठी वाचायला लागली, पटापट लागली. मुकेश सर आचलला पाचवीचं गणित देतात, मग रक्षा तिला गोंडीत त्याचं उत्तर मागते आणि ते चुकतं. भांडणंही होतात. एकदा आचल धावत घरी आली आणि दप्तरही न काढता तिनं सांगितलं, "बाबा, रक्षानं मले ढ म्हटलं." तिला आजवर कुणी ढ म्हटलं नव्हतं. तिनं ती बातमी बबनराव काकांनाही जाऊन सांगितली. काका त्या दिवसापासून पुन्हा आमच्याकडे पेपर वाचायला यायला लागले.

फेब्रुवारी संपता संपता प्रफुल्ल व्हरांडा ओलांडून आला. "घ्या, भाऊ. प्रशिक्षण संपलं. आता नाव निघते. इथं खूण करा न खाली सही." मी खिशातून पेन काढलं. कागदावर दोन चौकटी होत्या. एक, प्रशिक्षण पूर्ण, नाव वगळावे. दुसरी, मुदतवाढ द्यावी. दुसरीखाली लिहिलं होतं: विद्यार्थ्यास अद्याप न येणाऱ्या बाबी नमूद कराव्यात. खाली तीन ओळींची जागा.

"आज नाही देत," मी प्रफुल्लला म्हणालो आणि कागद घरी आणला.

संध्याकाळी जेवणाआधी मी आचलला जवळ बसवलं. "तुले काय काय नाई येत, ते सांग. मले लिवाचं हाये."

ती मांडी घालून बसली आणि डोळे मिटले. "गोंडीत शंभराच्या पुढचं नाई येत. शिट्टी वाजवता नाई येत, रक्षाले येते. मातीवरचा पाय पाहून बकरी होय का जंगलातली रोही होय, ते नाई समजत मले. रामबाई आजी मोहाचं झाड फुलाच्या आधीच सांगते का अवंदा कमी येईन, ते कसं सांगते ते मालूम नाई. लिवून राह्यले न?"

"लिहितोय."

"झाडावर चढता येते, उतरता नाई येत. गोंडी गानं येते, पन त्यातल्या दोन शब्दाईचा अर्थ रक्षालेच नाई मालूम, आजी म्हनते मोठी झाल्यावर सांगीन. मंग रक्षा तिले जे येते ते मले बरोबर शिकवते, पन मले जे येते ते तिले कधी कधी नीट नाई शिकवता येत. ते काऊन नाई येत, तेही नाई मालूम."

तीन ओळी केव्हाच संपल्या होत्या. मी समासात लिहिलं, कागद उलटा करून लिहिलं, मग ऑफिसचा एक कोरा कागद काढून वर 'पुरवणी' असं लिहिलं आणि टाचणीनं जोडला. मुदतवाढीच्या चौकटीत खूण केली आणि पालकाच्या जागी सही केली. सही जरा ठळकच आली.

काजलनं पानं घेतली. "झालं का तिचं?"

"अजून हाये," आचल म्हणाली. "जेवता जेवता आठवीन."

मी पेन कानावर ठेवून जेवायला बसलो.